वीर बाबूराव शेडमाके : एका पूर्वजाचा मागोवा



चंद्रपूरच्या कारागृहातील पिंपळाच्या झाडाशी दरवर्षी २१ ऑक्टोबरला माणसे जमतात. कोणी अहेरीहून येतो, कोणी मूलहून, कोणी थेट प्राणहितेपलीकडच्या आदिलाबादेतून. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात बाबूराव पुलेश्वर शेडमाके यांना फाशी देण्यात आले. जन्म १२ मार्च १८३३ चा. म्हणजे फाशीच्या दिवशी वय अवघे पंचवीस वर्षे आणि सात महिने. येणाऱ्यांत शेडमाके आडनावाची अनेक कुटुंबे असतात आणि मुलांना हे आमचे पूर्वज, असे सांगितले जाते. भावना खरी आहे, तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पूर्वज म्हणजे नेमके काय, हा प्रश्न चांदा-गडचिरोलीच्या अरण्यात जितका गुंतागुंतीचा होतो तितका अन्यत्र क्वचितच होत असेल.

देशावरच्या एखाद्या कुटुंबाला आपल्या खापरपणजोबांचे नाव हवे असेल तर तो त्र्यंबकेश्वरी किंवा काशीला जातो. तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारतात, वही काढतात आणि पाच-सात पिढ्यांपूर्वी यात्रेला आलेल्या माणसाच्या हातचा मजकूर समोर ठेवतात. शिवाय कुलवृत्तान्त छापलेले असतात, इनामाच्या सनदा असतात, वाड्याच्या वाटणीचे कागद असतात. अहेरीच्या जंगलातील राजगोंड कुटुंबाकडे यांपैकी बहुधा काहीच नसते. याचा अर्थ तेथे वंशस्मृती नाही असा नव्हे. ती कागदावर नसून प्रधानाच्या कंठात असते.

प्रधान हे गोंडांचे परंपरागत भाट. हाती किंगरी घेऊन ते यजमानाच्या दारी येत, कुळाच्या दैवताची आणि कुळाच्या मूळ पुरुषांची गाथा गात व धान्य, वस्त्र, कधी एखादे जनावर असे दान घेऊन पुढच्या घरी जात. प्रत्येक प्रधान घराण्याची यजमान कुळे ठरलेली. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात प्रधानांच्या या कामाची नोंद आहे. पुढे हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाने आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून १९४८ साली ग्रंथ लिहिला, त्याचाही मोठा आधार प्रधानांच्या गाथाच होत्या. विशेष असे की त्या भागातील प्रधानांची घरची भाषा मराठी. गोंडांचा कुलेतिहास सांभाळणारा माणूस घरी मराठी बोलत होता, ही गोष्ट मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते.

मात्र ही गाथा जे जपते ते कुळ होय, व्यक्ती नव्हे. गोंड समाज चार, पाच, सहा व सात देवांच्या गटांत विभागलेला आहे. सगोत्रात विवाह होत नाही, तसा समान देवसंख्येच्या गटात गोंडांचा विवाह होत नाही. प्रत्येक गटात अनेक कुळे आणि प्रत्येक कुळाचे दैवत पर्सापेन. मृताचा आत्मा विधिपूर्वक पर्सापेनात मिळवला की तो कुळाच्या दैवतात विलीन झाला. घरात तीन-चार पिढ्यांपलीकडचे नाव वेगळे आठवण्याची गरज उरत नाही, कारण सारेच पूर्वज दैवतरूपाने एकत्र असतात. शेडमाके हे असे कुळनाम आहे. ते धारण करणारी घरे चंद्रपूर आणि गडचिरोलीत आहेत, तेलंगणातही आहेत. ती सारी एका कुळाची असतील, पण एका माणसाची संतती असतीलच असे नाही. कौशिक गोत्राचा प्रत्येक माणूस एकाच घरचा नसतो, तसेच हे. पूर्वजाचा शोध घेणाऱ्या तरुणाने पहिल्याच दिवशी हे समजून घेतले तर पुढचा पुष्कळसा भ्रमनिरास टळतो.

आता कागदाकडे वळू. सरकारी कागदात बाबूराव कोठे भेटतात? नागपूरचे तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. चांदा हा नवा जिल्हा झाला, तेथे इंग्रज डेप्युटी कमिशनर आला. १८५८ साली त्या जागी कॅप्टन क्रिक्टन होता. या उठावाची हकिगत मेजर ल्युसी स्मिथ याने १८६९ च्या जमीनमहसूल बंदोबस्ताच्या अहवालात लिहिली आणि नंतरच्या गॅझेटियरांनी ती कमीअधिक फरकाने उचलली. त्या हकिगतीत बाबूराव अवतरतात ते एकदम मार्च १८५८ मध्ये, मोलमपल्लीचे एक लहान जमीनदार म्हणून, आणि तेही राजगड परगण्यात लुटालूट करताना. सात-आठ महिन्यांनी ते फासावर जातात आणि कागदातून नाहीसे होतात. पंचवीस वर्षांच्या आयुष्यातील चोवीस वर्षे सरकारी लेखणीला दिसलेलीच नाहीत. माणूस गुन्हेगार ठरला तेव्हा त्याची नोंद सुरू झाली आणि शिक्षा झाली तेव्हा संपली.

उरलेली चोवीस वर्षे परंपरेने राखली आहेत. वडील पुलेश्वर बापू, आई जुरजाकुंवर, पत्नी राजकुंवर ही नावे तिच्यातूनच येतात. बालपणीचे शिक्षण गोटुलात झाले व पुढे इंग्रजी शिकण्यासाठी रायपूरला धाडले गेले, हेही तीच सांगते. जन्मगावाविषयी मात्र एकवाक्यता नाही. कोणी मोलमपल्ली सांगतात, कोणी किष्टापूर. दोन्ही गावे अहेरीच्या मुलखातली. असा मतभेद दिसला की काही अभ्यासक परंपराच अविश्वसनीय म्हणून मोकळे होतात. हे योग्य नव्हे. जमीनदाराचे राहते गाव आणि मुलाच्या जन्माचे गाव वेगळे असणे यात नवल कसले? उलट दोन गावांनी एकाच माणसावर हक्क सांगावा, यातून त्या मुलखात त्याचे स्थान काय होते हे कळते.

उठावाच्या घटनांत कागद आणि परंपरा बऱ्याच ठिकाणी एकमेकांशी जुळतात, आणि शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने हाच सर्वांत मोलाचा भाग होय. परंपरा सांगते की १८५७ मध्ये बाबूरावांनी सुमारे पाचशे तरुणांचे जंगोम दल उभे केले. अहवालही सांगतो की त्यांच्याभोवती गोंड आणि रोहिल्यांची टोळी जमली होती. राजगडानंतर १३ मार्च १८५८ रोजी नांदगाव-घोसरीजवळ इंग्रजांच्या तुकडीशी सामना झाला. अडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव येऊन मिळाले. गढीसुर्ल्याच्या डोंगराचा आश्रय घेऊन लढाई झाली. मग २९ एप्रिलला प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला.

तारेची लाईन त्या काळी इंग्रजी सत्तेची मज्जासंस्थाच होती. उत्तरेत बंडाची बातमी तारेनेच पोहोचली आणि तारेनेच इंग्रज सावध झाले. अरण्यातल्या पंचवीस वर्षांच्या जमीनदाराने नेमका तारेचा तळ हेरावा, यात त्याची जाण दिसते. केवळ लुटीचा हेतू असता तर चिंचगुंडीला हात घालण्याचे काही कारण नव्हते. कागदाने दिलेला ‘लुटारू’ हा शिक्का कागदातल्याच या एका नोंदीने फिका पडतो.

यानंतर या कुलेतिहासातले सर्वांत अवघड पान येते. निसटलेला पीटर क्रिक्टनला जाऊन मिळाला आणि क्रिक्टनने त्याला वेषांतर करून पत्रासह अहेरीच्या जमीनदारणीकडे पाठवले. तिचे नाव लक्ष्मीबाई. बाबूरावांना पकडून द्या, असा त्या पत्राचा आशय. तिच्या माणसांनी बाबूरावांना धरले. एकदा ते हातून निसटलेही, परंतु सप्टेंबरमध्ये पुन्हा सापडले आणि चांद्याला पाठवले गेले. त्याच वर्षी जून महिन्यात दुसरी एक लक्ष्मीबाई ग्वाल्हेरजवळ लढता लढता धारातीर्थी पडली होती. इतिहासाने एका वर्षात एकाच नावाच्या दोन स्त्रिया समोरासमोर उभ्या केल्या, याचा उल्लेख चांद्याकडचे जुने लोक आजही करतात.

अहेरीच्या लक्ष्मीबाईंना बाबूरावांच्या नात्यातील म्हटले जाते. जमीनदारी जप्त करण्याची धमकी देऊन इंग्रजांनी दबाव आणला, असेही सांगितले जाते. पुढे काय झाले ते मात्र कागदोपत्री स्पष्ट आहे. व्यंकटराव बस्तरात गेले, १८६० मध्ये तेथील राजाने त्यांना इंग्रजांच्या स्वाधीन केले, जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली आणि अडपल्ली-घोटचा मुलूख अहेरीच्या जमीनदारणीला बक्षीस मिळाला. धमकी खरी मानली तरी बक्षीस नाकारल्याची नोंद कोठे नाही.

कुलवृत्तान्त लिहिणारे अशा ठिकाणी अडखळतात. गौरवग्रंथात ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते किंवा साऱ्या अहेरीवर फितुरीचा डाग मारून मोकळे होतात. दोन्ही प्रकार इतिहासाशी अप्रामाणिक आहेत. ज्या अहेरीने पकडून दिले त्याच अहेरीच्या रानातली माणसे जंगोम दलात होती. आणि फितुरीचा वारसा रक्तातून उतरत नाही. तसा तो उतरत असता तर या देशात कोणत्याच घराण्याला मान वर करून चालता आले नसते. पूर्वजाचा शोध घ्यायचा तर पकडला गेलेला आणि पकडून देणारा, दोघेही आपल्याच वंशवृक्षावर सापडू शकतात हे मान्य करूनच निघावे लागते.

फाशीविषयीची एक कथा गावोगावी ऐकू येते. ताडवा नावाचे बांबूवरचे काही दुर्मीळ विषारी फळ किंवा अळंबे त्यांनी पचवले होते, त्यामुळे फासाचा दोर वारंवार तुटला आणि अखेर त्यांना चुन्याच्या भट्टीत टाकावे लागले, अशी ती कथा. कागदात तिला आधार नाही. परंतु ती खोटी म्हणून फेकून देण्याऐवजी ती कशासाठी सांगितली गेली हे पाहावे. ज्या समाजात मृताला विधिपूर्वक पर्सापेनात मिळवले जाते, तेथे तुरुंगात मारलेल्या आणि घरच्यांच्या हाती न लागलेल्या तरुणाचे काय करायचे? विलीन न होऊ शकलेला पूर्वज स्वतंत्रपणे आठवत राहतो. कदाचित म्हणूनच असंख्य शेडमाके दैवतात मिळून गेले आणि हा एक नावानिशी उरला.

हे झाले एका विख्यात पूर्वजाचे. जंगोम दलातल्या त्या पाचशेंचे काय? त्यांची नावे कोणत्या शिळेवर नाहीत. त्यांच्या वंशजांना आज वंशावळ हवी आहे आणि ती केवळ अभिमानासाठी नव्हे. जातवैधता प्रमाणपत्राच्या पडताळणीत ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदींना मोठे वजन असते, कारण त्या दिवशी अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. मुलाची वैद्यकीय महाविद्यालयातील जागा आजोबांच्या शाळेतील दाखल-खारीज रजिस्टरच्या एका ओळीवर अवलंबून असते. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत तर पुराव्यांच्या यादीतच वंशावळीचा समावेश आहे. जुन्या कायदेशीर अभिलेखांत नोंदलेल्या व्यक्तीपर्यंत पोहोचणारी वंशावळ आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन, दोन्ही ग्राह्य धरले जातात. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला तो याच कायद्याने. एके काळी प्रधानाच्या किंगरीपुरती असलेली गोष्ट आता ग्रामसभेच्या ठरावात आणि उपविभागीय अधिकाऱ्याच्या फाईलीत जाऊन बसली आहे.

ती शोधायची कशी? प्रारंभ कोतवाल पंजीपासून करावा. गावच्या कोतवालाकडून जन्ममृत्यूची खबर घेऊन भरलेली ही वही जुन्या मध्य प्रांतातील खेड्यांचा एकमेव सलग नावनिशीवार दस्तऐवज म्हणता येईल. तिच्यातली अडचण अशी की लिहिणारा बाहेरचा. त्याने कुळनाम विचारलेच नाही. ‘अमुक वल्द तमुक गोंड’ एवढे लिहून पुढची ओळ घेतली. शेडमाके, आत्राम, मडावी, सारेच कागदावर ‘गोंड’ झाले. जेथे कुळनाम लिहिले तेथे कानाला आले तसे लिहिले. एकाच घराच्या दोन भावांची नावे शेडमाके आणि सेडमेक अशी दिसतात आणि पुढच्या पिढीला ते दोघे सख्खे भाऊ होते हे सिद्ध करीत फिरावे लागते.

त्यापलीकडे गेल्यावर बंदोबस्ताच्या मिसली आहेत आणि मालगुजारी संपल्यानंतरचे अधिकार अभिलेख आहेत. कागद कोणत्या दप्तरात सापडेल हे मात्र मुलखाच्या इतिहासावर ठरते. अहेरीचा एकच पाडा भोसल्यांच्या नागपूर राज्यात होता, १८५४ नंतर नागपूर प्रांतात, १८६१ पासून मध्य प्रांतात, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. सिरोंचाकडचा भाग तर १८७४ पर्यंत अप्पर गोदावरी या निराळ्याच जिल्ह्यात होता. गाव जागचे हलले नाही, दप्तर मात्र सतत हलत राहिले. नागपूरच्या पुराभिलेखागारात शोधावे की चंद्रपूरच्या अभिलेख कक्षात की आणखी कोठे, हे ठरवण्यासाठी आधी साल पक्के करावे लागते. त्यातही जुन्या कागदांवर फसली सन आणि मोडी लिपी. मोडी वाचणारा माणूस मिळाला नाही तर हाती आलेला कागदही मुका.

आणि कागदाच्या आधी माणसे गाठावीत. हा क्रम उलटला की फार नुकसान होते, कारण दप्तर आणखी दहा वर्षे राहील, ऐंशी वर्षांची आजी राहणार नाही. तिला जन्मसाल विचारून उपयोग नसतो. लग्न कोणत्या गावी झाले, बांबूला फुलोरा आला त्या साली कोण वारले, मंडपात कोणत्या कुळाचे लोक सोयरे म्हणून बसले, कुळाचा देव कोठल्या गावी आहे, असे विचारले की ती भराभर सांगू लागते. सोयऱ्यांची नावे फार उपयोगी पडतात. देवसंख्येच्या नियमामुळे कोणते कुळ कोणाच्या घरी मुलगी देऊ शकत नाही हे ठरलेले असते, त्यामुळे चुकीचा दुवा जोडला गेला तर गावातला जाणता माणूस तेथल्या तेथे पकडतो. ही पडताळणी कोणत्याही सरकारी कक्षात होत नाही. माडिया समाजात मृताच्या स्मरणार्थ शिळा उभी करण्याची रीत आहे. त्या शिळांवर अक्षर नसले तरी कोणती कोणाची हे सांगणारा गावात असतो, आणि तो असेतोवर ती शिळा हाही पुरावाच.

प्रधान मात्र विरळ होत चालले आहेत. यजमानाची पुढची पिढी शहरात, प्रधानाची मुले नोकरीत, किंगरी खुंटीला. यात दोष कोणाचाच नाही. भिक्षेच्या जिण्यातून प्रधानाचा मुलगा बाहेर पडला याचा आनंदच मानावा. परंतु ज्या घरी अद्याप गाणारा म्हातारा आहे, तेथे ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन जाण्यास कोणाची अनुमती लागते? विद्यापीठाच्या प्रकल्पाची वाट पाहण्याचे कारण नाही. अहेरी-एटापल्लीच्या शाळांतले शिक्षक, वसतिगृहांतली मुले, वनवासी क्षेत्रात काम करणारे कार्यकर्ते यांनी सुट्टीच्या दिवसांत एकेका गावाची गाथा उतरवून घेतली तरी पाचशेंपैकी काहींची नावे हाती लागण्याची शक्यता आहे.

१२ मार्च २००९ रोजी भारतीय टपाल खात्याने बाबूराव शेडमाके यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले. ज्याने तारखात्याचा तळ उद्ध्वस्त केला त्याचे चित्र दीडशे वर्षांनी टपालाच्या तिकिटावर आले. त्याची छबी कोणी टिपलेली नव्हती. चेहरा कल्पनेने काढलेला. चंद्रपूरच्या पिंपळाखाली जमणाऱ्या शेडमाके कुटुंबांत कोणी म्हातारा ते चित्र निरखतो आणि नाक आमच्या थोरल्या काकांसारखे आहे, असे म्हणतो. शेजारचा हसतो. मग दोघे एकमेकांना गाव विचारतात, कुळाचा देव कोठला ते विचारतात, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला सोयरीक निघते.